ख्रिस्ती बालगृह आणि शाळा : एका मुलीला तिथे ठेवल्यानंतरचा रिव्ह्यू (५ पैकी साडेतीन)

आधीच सांगते, संस्थेचं नाव आणि गाव लिहिणार नाहीये. मुलगी अजून तिथेच राहते आणि बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापणं किंवा नेटवर टाकणं बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे थोडे तपशील बदललेत. एवढंच समजा की महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात सिस्टर लोक (म्हणजे नन) चालवतात ते मुलींचं बालगृह आहे, एकाच कंपाउंडमध्ये दहावीपर्यंतची मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, चॅपल, आणि मागे थोडी शेती. हॉटेलचा, मिक्सरचा, पार्लरचा रिव्ह्यू सगळे लिहितात पण पोर कुठे ठेवायचं याचा कोणी लिहीत नाही, आणि ज्यांना ही माहिती लागते त्यांच्याकडे सहसा विचारायला कोणी नसतं, म्हणून लिहिते.

पार्श्वभूमी थोडक्यात. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी आहेत, त्यांची लेक गेली, जावई असून नसल्यासारखा, पिऊन दारात येऊन तमाशा करणार, आणि दोन नातवंडं मावशींच्या गळ्यात. मोठी मुलगी सहावीत, धाकटा अजून अंगणवाडीत. मावशी सकाळी सहाला घर सोडतात ते दुपारी तीनला परत, तोपर्यंत मुलगी धाकट्याला सांभाळत घरात, म्हणजे शाळेच्या नावाने बोंब. शिवाय त्या वस्तीत तिला एकटी ठेवणं सेफ नाही अशी एक गोष्ट घडली, ती इथे लिहीत नाही. मावशींच्या भावकीतल्या कोणीतरी सांगितलं की सिस्टरांकडे टाका दोघांना, फुकट आहे, शिकतील तरी. मला म्हणाल्या ताई तुम्ही बरोबर चला, मला तिथलं बोलणं कळायचं नाही. म्हणून मी गेले.

आता या जागेची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते आणि ती बिल्डिंग नाही, शिस्त नाही, इंग्रजी तर नाहीच नाही. त्यांनी धाकट्याला घ्यायला नकार दिला.

म्हणजे झालं असं की मावशी दोघांची कपड्यांची बोचकी बांधूनच आल्या होत्या. ज्या सिस्टर अधीक्षक आहेत (पन्नाशीच्या, आवाज एकदम खणखणीत) त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मुलीशी वेगळं बोलल्या, मग म्हणाल्या, "आजी, मोठीचं आपण बालकल्याण समितीपुढे मांडू. धाकट्याला मी घेणार नाही. त्याला तुम्ही आहात की." मावशी रडायलाच लागल्या, मलाही राग आला, वाटलं दारात आलेल्या पोराला हे कसले परत पाठवतात. मग त्यांनी समजावलं. एक तर हे मुलींचं बालगृह. आणि सहा वर्षांच्या आतलं मूल म्हणजे शिशुगृह, ते आणखी कुठेतरी, पुढे मुलांचं बालगृह ते तिसरीकडेच, म्हणजे बहीण एकीकडे भाऊ दुसरीकडे आजी तिसरीकडे. दुसरं, कायद्यातच म्हणलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी घर बघायचं मग नातेवाईक बघायचे, काहीच जमत नसेल तर संस्था. आणि तिसरं त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वाचलं, रोमानियात बुखारेस्टला २००० साली एक अभ्यास सुरू झाला, अनाथालयांमधली १३६ लहान मुलं घेतली, निम्मी तिथेच राहिली आणि निम्मी चांगल्या पालक कुटुंबांत दिली, वर्षानुवर्षं तपासलं. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीत, बोलण्यात, माणसाला चिकटण्यात पुढे निघाली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली सगळ्यात जास्त. धाकटा दोनचा नाही हे खरं, पण सिस्टरांचं म्हणणं साधं होतं की एवढ्या लहान पोराला रात्री उठल्यावर तेच एक माणूस दिसायला पाहिजे, आणि ते आम्ही शिफ्ट लावून देऊ शकत नाही.

बालगृह चालवणारी बाई स्वतःहून हे सांगते, हे मला फार मोठं वाटलं. कारण अनुदान डोक्यावर मोजलं जातं, देणगीदारही मुलं किती आहेत हेच विचारतात, दोन मुलं आयती दारात आली तर कोण नाही म्हणतं?

आणि नुसतं नाही म्हणून सोडलं नाही. त्यांच्या समाजसेविकेने तिथेच बालसंगोपन योजनेचा फॉर्म काढून दिला. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं आता पूर्ण नाव आहे, आईवडील दोन्ही नाहीत, एकच आहे किंवा असून सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला घरीच किंवा नातेवाइकाकडेच ठेवायचं आणि महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आधी ११०० होते, २०२३ मध्ये वाढवले. मावशींना याचा पत्ताच नव्हता. मलाही नव्हता, आणि मी स्वतःला पेपर वाचणारी समजते. वस्तीतल्या कोणालाच नव्हता, पण "सिस्टरांकडे टाका" हे मात्र सगळ्यांना माहीत. कागद गोळा करायला दमायला होतं हे खरंय, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, अंगणवाडीचं पत्र, पासबुक, आणि घरासमोर मुलाला घेऊन काढलेला फोटो सुद्धा. पण झालं. धाकटा आता सकाळी अंगणवाडीत आणि दुपारपर्यंत शेजारच्या काकूंकडे, त्यांना मावशी त्यातलेच थोडे पैसे देतात.

मोठीसाठी रीतसर बालकल्याण समिती, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणारी. हे नीट समजून घ्या कारण लोकांना वाटतं मूल नेऊन दिलं की झालं. तसं नसतं. बालगृह स्वतःच्या मनाने मूल ठेवून घेऊ शकत नाही, समितीपुढे हजर करावं लागतं, एखादं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून), मग घरी चौकशीला माणूस येतो, त्याचा अहवाल जातो आणि समिती आदेश देते तेव्हा मूल तिथे राहतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात निदान एक बाई पाहिजेच. आमच्या वेळी समितीतल्या मॅडमनी मुलीला विचारलं तुला जायचंय का, आणि ती हो म्हणाली पण दर सुट्टीला घरी यायचंय म्हणाली, ते त्यांनी लिहून घेतलं. नंतर ते लिहिलेलं कामाला आलं.

इथे एक मोठी गंमत आहे जी सिस्टरांनीच सांगितली. ख्रिस्ती संस्थांमध्ये "बोर्डिंग" वेगळं आणि "बालगृह" वेगळं. बोर्डिंग म्हणजे शाळेचं वसतिगृह, पालक स्वतः ठेवतात आणि स्वतः काढतात. बालगृह म्हणजे बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी झालेलं, तपासणी होणारं. पण काही ठिकाणी बोर्डिंगच्या बोर्डाखाली अनाथ, एकल पालकांची मुलं सर्रास ठेवलेली असतात आणि नोंदणीचा पत्ता नसतो. नोंदणी न करता अशी संस्था चालवणं म्हणजे एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. त्यामुळे कुठेही गेलात, संस्था ख्रिस्ती असो हिंदू असो मुस्लिम असो की कोणत्याही समाजाची, पहिल्यांदा नोंदणीचा कागद मागा. तो पाच वर्षांचा असतो, तारीख बघा. इथे ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय, मागावा लागला नाही.

बिल्डिंग जुनी, दगडी, स्वच्छ. जेवण साधं, पोटभर. संडास चांगले. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

आता धर्म. सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न असतो आणि कोणी तोंडावर विचारत नाही, मी विचारला. सकाळी प्रार्थना असते, रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), संध्याकाळी जपमाळ. सिस्टर म्हणाल्या की दुसऱ्या धर्माच्या मुलींवर सक्ती नाही, चॅपलचं दार उघडं असतं, ज्यांना यायचं त्या येतात, बाकीच्या अभ्यासाला बसतात. आणि ते खरं आहे, मी बघितलंय. मुलीच्या गळ्यात मावशींनी बांधलेला ताईत आहे, तो कोणी काढला नाही. गणपतीला घरी सोडलं. पण ॲडमिशनच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक ओळ होती, संस्थेच्या "प्रार्थना व धार्मिक कार्यक्रमांत सहभागास संमती", आणि मावशी न वाचता सही करणारच होत्या. घटनेचं कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर त्याची स्वतःची संमती पाहिजे, अज्ञान असेल तर पालकाची. म्हणजे ती ओळ म्हणजेच ती संमती. मी म्हणलं ही खोडा. सिस्टर एक मिनिट माझ्याकडे बघत राहिल्या, मग पेनाने खोडली आणि बाजूला सही केली, वाद नाही घातला. पण मी नसते तर ती खोडली गेली नसती हेही तितकंच खरं. छापील ओळ काढून टाका असं मी सुचवलंय, अजून आहे तशीच आहे.

हे उघड्या दाराचं प्रकरण आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनं आहे बरं का. स्वतः ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं, नियम असा की धर्म शिकवायचा नाही. पण बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार बंद करायच्या नाहीत, मुली येऊन बसायला लागल्या, १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला, केसरीने झोडपलं, रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. आणि त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायका-मुली घेऊन आल्या, शेकड्यांनी, केडगावला ठेवल्या, विणकाम, शेती, छापखाना शिकवला. त्या मुलींना आणायला दुसरं कोण एवढं गेलं होतं? मला दोन्ही बाजू एकाच वेळी पटतात आणि त्याला माझा इलाज नाही. फक्त एवढंच वाटतं की मोठ्या बाईसाठी उघडं दार म्हणजे उघडं दार. सहावीतल्या पोरीसाठी तसं नसतं. तिच्या सगळ्या मैत्रिणी आत गाणी म्हणतायत, ज्या गृहमातेने तिची वेणी घातली तीही आत आहे, आणि ही बाहेर एकटी गणिताची वही घेऊन. ती जाणारच. गेलीच. आता तिला सगळी गाणी पाठ आहेत, नाताळच्या गोठ्याच्या नाटकात ती देवदूत झाली होती, मावशी बघायला आल्या आणि पंख वाकडे लागलेत म्हणून स्टेजजवळ जाऊन नीट करून आल्या. मावशींना काही अडचण नाही. "नाव बदललं तर मात्र घेऊन जाईन," एवढं त्यांनी सिस्टरांना सांगून ठेवलंय आणि सिस्टर हो म्हणाल्यात.

शाळा. इथे मी पूर्ण मार्क देते. मुलगी सहावीत होती पण वाचायला दुसरीचं पण अडखळत होती, पुढे पुढे ढकलत आणलेली. शाळेने तिला वयाप्रमाणे सहावीतच बसवलं, पण संध्याकाळी एक रिटायर्ड सिस्टर तिला आणि अजून तिघीचौघींना वेगळं घेऊन बसतात आणि तिसरीची पुस्तकं देतात, त्या पुस्तकांना सहावीच्या पुस्तकांसारखं खाकी कव्हर घातलेलं असतं म्हणजे बाकीच्या मुलींना दिसत नाही. हे कोणी त्यांना सांगितलं नसणार, कुठल्या नियमात नाही. वर्षाच्या शेवटी ती पेपरातल्या बातमीची हेडलाइन मला फोनवर वाचून दाखवत होती. भागाकार अजून बोंब आहे. आणि ज्यांना वाटतं की सिस्टरांची शाळा म्हणजे फाडफाड इंग्रजी त्यांनी तो विचार सोडा, ही मराठी शाळा आहे, आठवीपासून सेमी आहे, बस.

शाळेबद्दल एकच तक्रार, ती कंपाउंडच्या आत आहे. मुली झोपतात तिथे, शिकतात तिथे, खेळतात तिथे, महिनोनमहिने गेटबाहेर पाय नाही. गावातल्या मुली त्या शाळेत येतात म्हणून थोडं तरी बरं, बाहेरचं वारं लागतं. पण बसचं तिकीट काढणं, दुकानात सुट्टे मागणं, हे कधी शिकणार? मे महिन्यात घरी आली तर रस्ता ओलांडायला घाबरत होती.

गृहमाता. वीसेक मुलींना एक. आमची जी पहिली होती ती स्वतः याच बालगृहात वाढलेली, तिला सगळं माहीत, कोण रात्री अंथरूण ओलं करते, कोणाला अंधाराची भीती. तिचं लग्न ठरलं आणि ती गेली, त्याच्या जागी नवीन आली, आणि आमची पोर दोन आठवडे नीट जेवेना. नवीन बाई वाईट नाही, पण तिला वीस नावं पाठ व्हायलाच वेळ लागला. यात संस्थेचा दोष किती हे मला सांगता येत नाही, गृहमातेचा पगार एवढा कमी आहे की कोण टिकणार. पण ज्याला आपण संस्थेत मूल ठेवणं म्हणतो त्यात हे येतंच, घरात आजी राजीनामा देऊन जात नाही.

मार. मी सरळ मुलीलाच विचारलं, मोठ्यांना विचारून काय उपयोग. मारत नाहीत म्हणाली. बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे बालगृहात शारीरिक शिक्षा गुन्हा आहे, पहिल्यांदा दहा हजार दंड, परत केलं तर कैद होऊ शकते. पण शिक्षा म्हणून सगळ्या हॉलची भांडी एकटीला घासायला लावतात, हे तिने सांगितलं आणि वर म्हणाली की त्यात काय, आजी पण घासते. मला ते फार लागलं. सिस्टरांशी बोलले, त्यांनी बंद करते म्हणून सांगितलं, मुलगी म्हणते की कमी झालंय.

देणगीदारांचं काय बोलू. दर शनिवार-रविवार कोणी ना कोणी वाढदिवस साजरा करायला हजर. मोठी गाडी, मोठा केक, स्वतःचं पोर मध्ये उभं, आणि आमच्या मुली ओळीत उभ्या राहून टाळ्या वाजवून हॅपी बर्थडे म्हणणार, मग स्वागतगीत, मग बिस्किटाचे पुडे, मग फोटो. एका दिवशी तीन तीन केक. एका बाईंनी आमच्या मुलीला विचारलं, "तुला आईची आठवण येते का गं?" सगळ्यांसमोर! मी तिथेच होते, माझ्या तोंडातून काहीतरी निघालं असतं, सिस्टरांनी त्यांना हात धरून शेती दाखवायला नेलं. आता चेहऱ्याचे फोटो काढू देत नाहीत, गेटवर तशी पाटी लावलीय, आणि बहुतेक जण ऐकतात. पण कार्यक्रम बंद करत नाहीत कारण पैसे लागतात. पूर्वी परदेशातून बरंच यायचं, ते आटलं. २०१७ मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनलसारखी मोठी संस्था भारतातलं काम बंद करून गेली, २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा आणखी आवळला, सगळा परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यायचा, एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, ऑफिस खर्च २० टक्क्यांच्या वर नको. हिशोब नीट व्हावा हे ठीकच आहे, पण ज्यांच्याकडे एकच क्लार्क आहे त्यांची दमछाक होते. मग केकवाले लागतात. तुम्हाला द्यायचंच असेल तर सॅनिटरी पॅडचे बॉक्स, दहावीच्या मुलींची गाइडं, नाहीतर गृहमातेच्या पगाराला हातभार द्या आणि गेटवरूनच परत जा. तुमच्या पोराचा वाढदिवस घरी करा.

माझा मोठा आक्षेप फोन आणि भेटीचा आहे आणि स्टार तिथेच गेलेत. भेट महिन्यातून एका रविवारी. फोन आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, ऑफिसमध्ये, स्पीकरवर, समोर कोणीतरी बसलेलं. कारण विचारलं तर म्हणे जावयासारखी माणसं फोन करून मुलींना फूस लावतात. हे खोटं नाही, आमचाच जावई आहे ना पुरावा. पण मग त्या माणसांचे नंबर बंद करा, आजीचा कशाला? स्पीकरवर कुठली पोर तक्रार करेल? आणि तक्रारपेटी आहे नियमाप्रमाणे, ती होती कुठे तर ऑफिसच्या दाराला लागून, सिस्टरांच्या खुर्चीतून सरळ दिसेल अशी. ती आता जिन्याखाली नेलीय. १०९८ चा (मुलांच्या हेल्पलाइनचा) बोर्ड मात्र ठळक आहे आणि मुलींना तो नंबर पाठ आहे, मी विचारून बघितलं. दिवाळीच्या सुट्टीला सुद्धा आधी नाही म्हणत होते, प्रोग्रॅम आहे म्हणून, तेव्हा समितीसमोरचं ते लिहिलेलं दाखवलं आणि सोडली.

अठरानंतरचं. कुठलंही बालगृह बघायला जाल तेव्हा डॉर्मिटरी बघण्याआधी हे विचारा की गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्या मुली आज कुठे आहेत. दोन-तीन ठिकाणी मी आधी फोनवर विचारलं होतं तर सगळीकडे तेच उत्तर, "सगळ्या सेटल आहेत." इथे सिस्टरांनी रजिस्टर काढलं, नावांवर कागद धरून कॉलम दाखवला. जीएनएम नर्सिंग, परत नर्सिंग, डीएड, परत नर्सिंग, एक पोलीस भरतीची तयारी करतेय, दोघींची लग्नं, शिवणकाम, आणि तीन ठिकाणी लिहिलेलं "संपर्क नाही". त्या तीन रकान्यांवर माझा विश्वास बसला. कायद्यात २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय आहे पण अशी सरकारी घरं फार थोडी, म्हणून यांनी गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्यात, कॉलेजच्या मुली तिथे स्वतः स्वयंपाक करून राहतात. हे चांगलंय. पण नर्सिंगच नर्सिंग का, हे मी विचारलं. मिशनच्या हॉस्पिटलांशी ओळख आहे, सीट मिळते, स्टायपेंड मिळतो, हॉस्टेल मिळतं. बरोबर आहे सगळं. आमच्या पोरीला रक्त बघून चक्कर येते, तिचं काय? ज्यांना खरंच कोणी नाही त्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का अनाथ आरक्षण आहे, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, ते मुलगी बालगृहात असतानाच काढून घ्यायचं असतं, बाहेर पडल्यावर कागद शोधत बसणं महाकठीण. इथे काढून देतात. आमचीला लागू नाही, तिला आजी आहे.

तर कोणासाठी ही जागा? ज्या मुलीला घरात धोका आहे आणि घरच्यांशी नातं तोडायचं नाहीये तिच्यासाठी हो. फक्त गरिबी आहे म्हणून पोर ठेवायला निघाला असाल तर आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बालसंगोपनचा फॉर्म मागा, हे मला त्या सिस्टरांनीच शिकवलंय. अगदी तान्ह्या किंवा लहान मुलासाठी नाही, ते त्यांनाही मान्य आहे. जाताना शिकलेलं कोणीतरी बरोबर न्या आणि सही करण्याआधी कागदाची प्रत्येक ओळ वाचा, खोडायची ती खोडा, ते चिडत नाहीत. आणि समितीपुढे मुलीला जे हवंय ते तिच्या तोंडून बोलू द्या आणि लिहून घ्यायला लावा.

५ पैकी साडेतीन. शिक्षण आणि प्रामाणिकपणा याचे भरघोस, फोन, केक आणि त्या छापील ओळीचे कापले. पुढच्या समितीच्या तपासणीआधी आजीचा फोन स्पीकरवरून काढतो असं सिस्टर म्हणाल्यात, काढला तर इथेच चार करेन.